लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही, मोबाइलला दिसतंय (कोल्हापूर, मंगळवार पेठ)

रंकाळ्याचा_वारा (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०.४५

मंडळी, आठ दिवस डोक्याचा भुगा झालाय, म्हणून शेवटी धागा काढतोय.

घर जुनं. खाली दगड-विटांच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर माडी. माडीवर बसून पुण्यातल्या एका कंपनीचं ड्रॉइंगचं काम करतो. गेल्या सोमवारी इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन जुना राउटर काढून नवा बसवून गेला. "हा लेटेस्ट आहे, वायफाय सिक्स," म्हणाला. आता घरात दोन नावं येतात. एक साधं, दुसऱ्याच्या शेपटाला ५जी. मोबाइलला दोन्ही दिसतात, टीव्हीला दिसतात, आजीच्या टॅबलासुद्धा दिसतात. माझ्या लॅपटॉपला फक्त साधं दिसतं. दुसरं जोडलं जात नाही असं नव्हे, यादीतच येत नाही.

प्लॅन १०० एमबीपीएसचा. मोबाइल ५जीवाल्या नावावर ९० च्या पुढे जातो. लॅपटॉप साध्या नावावर दुपारी ३५-४०, आणि संध्याकाळी सातनंतर १२ वर येऊन बसतो. मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजतो. वर साहेब विचारतात, "कोल्हापुरात अजून इंटरनेट पोचलं नाही का?" आता हे ऐकून घ्यायचं म्हणजे... असो.

करून झालेलं: राउटर बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, विमान मोड, नेटवर्क रीसेट. गल्लीतल्या एका पोराचं ऐकून काल यूएसबीचा ड्युअल बँड (दोन्ही वायफाय धरणारा) डोंगलही आणलाय, पाकीट अजून फोडलेलं नाही. लॅपटॉप २०१८ चा, विंडोज १०.

काय करू?

गल्ली_नं_७, सोमवार, रात्री १०.५२

फॉरमॅट मार. भाच्याचं असंच झालेलं, फॉरमॅट मारल्यावर घोड्यागत पळायला लागलं.

पांढरा_रस्सा, सोमवार, रात्री १०.५५

सातव्या गल्लीच्या दवाखान्यात औषध एकच. सर्दी झाली तरी फॉरमॅट.

भडंग_पावकिलो, सोमवार, रात्री ११.१०

मी काही यातली जाणकार नाही, पण ५जीचं वायफाय धरायला ५जीचं सिम लागतं ना? आमच्याकडे अजून ४जीच सिम आहे, आणि माझ्याही लॅपटॉपला ते नाव दिसत नाही. मला वाटलं तेच कारण असेल.

निवृत्त_मास्तर, मंगळवार, सकाळी ६.२०

भडंगताई, हा घोळ नावानं घातलाय, तुमची चूक नाही. मोबाइलमधलं ५जी म्हणजे पाचवी पिढी, आपल्याकडे ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. राउटरवरच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, लहरींची वारंवारता. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. २जीचं सिम असलं तरी वायफाय ५ गिगाहर्ट्झवर चालेल, आणि सिम नसलं तरी चालेल.

तुमचं साधं नाव म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. त्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर भिंती ओलांडून पुढे जाते, आखूड लहर दगड-विटांत लवकर दमते. पण २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात पाय न घालणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. पेठेत भिंतीला भिंत लागलेली घरं, प्रत्येकात एक राउटर, शिवाय ब्लूटूथ त्याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ वर. संध्याकाळी सगळे घरी आले की धागाकर्त्याचा वेग १२ वर येतो तो यामुळे. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे जी अवस्था असते तीच.

अवांतर: याहून कितीतरी आखूड, मिलिमीटरांत मोजायच्या लहरींवर जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात १८९० च्या दशकात प्रयोग केले होते. वर्गात हे सांगितलं की पोरं वही मिटायची.

तिखटमीठ, मंगळवार, सकाळी ९.०५

नेटवर्किंगमध्ये पोट भरते, माहेर कसबा बावडा, सध्या पुण्यात. फॉरमॅट नको. डोंगलचं पाकीटही फोडू नका.

दोन गोष्टी सांगा. एक, जुन्या राउटरवर हा लॅपटॉप ५ ला जोडलेला असायचा का? दोन, कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढची आज्ञा द्या. इथे उच्चार लिहिते, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स. त्यात 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' अशी एक ओळ येते. ८०२.११ (वायफायच्या मानकाचा आकडा) च्या पुढे नुसतं बी, जी, एन असेल तर लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड बहुधा फक्त २.४ चं आहे, आणि मग जगातलं कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही. ए किंवा एसी दिसलं तर कार्डाला ५ कळतं. एकट्या 'एन'वर जाऊ नका, एन दोन्ही पट्ट्यांत चालतं. एसी मात्र फक्त ५ वरच. त्याच उताऱ्यात ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, तारीख असते, तीही लिहा.

रंकाळ्याचा_वारा, मंगळवार, दुपारी १.३०

ताई, ए, बी, जी, एन, एसी सगळं आहे. ड्रायव्हरची तारीख २०१७ ची.

आणि हो, जुन्या राउटरवर ५ ला मस्त चालायचा की. ते लिहायचं राहिलं.

पांढरा_रस्सा, मंगळवार, दुपारी १.३४

म्हणजे पेशंटनं चौथ्या दिवशी डॉक्टरला सांगायचं, "पायावरनं उसाची बैलगाडी गेलेली, ते बोलायचं राहिलं."

उद्यमनगर_लेथ, मंगळवार, दुपारी २.१५

भावा, मला कॉम्प्युटरातलं लय कळत नाही, पण आमच्याकडं जॉब तिरका यायला लागला तर आम्ही लगेच मशीन उघडत नाही. आधी टूल बदलून बघतो. टूल बदलून जॉब सरळ आला तर मशीन बरोबर, टूल खराब. तसं कर. राउटर बाजूला ठेव. मोबाइलचा हॉटस्पॉट लाव आणि त्याच्या सेटिंगात बँड ५ कर. लॅपटॉपला तो दिसतोय का बघ. दिसला तर लॅपटॉपच्या अंगात ५ धरायची ताकद हाय, खोड राउटरच्या बाजूला हाय. नाही दिसला तर उलट.

तिखटमीठ, मंगळवार, दुपारी २.२०

मी हेच लिहायला आले होते, आणि इतकं सरळ लिहिता आलं नसतं. हीच चाचणी करा. एक लक्षात ठेवा, हॉटस्पॉटचं नाव घरच्या वायफायहून वेगळं ठेवा, नाहीतर कशाला जोडलंय तेच कळायचं नाही.

रंकाळ्याचा_वारा, मंगळवार, रात्री ८.४०

दिसला! हॉटस्पॉट ५ वर ठेवला, पटकन दिसला, जोडलाही गेला. आता राउटरवाल्यांना शिव्या घालू का?

तिखटमीठ, मंगळवार, रात्री ८.५२

थांबा, घाई नको. या चाचणीनं एवढंच कळलं की अँटेना, कार्ड, विंडोजचा स्विच हे सगळं जागेवर आहे. राउटर तर मोबाइलला दिसतोच, म्हणजे तोही बंद नाही. दोघेही आपापल्या जागी धडधाकट, फक्त एकमेकांची भाषा जुळत नाही. आता राउटर काय बोलतोय ते बघायचं. वायफाय अ‍ॅनालायझर जातीचं एखादं अ‍ॅप मोबाइलवर टाका आणि ५जीवाल्या नावाचं चॅनेल सांगा.

रंकाळ्याचा_वारा, मंगळवार, रात्री ९.१०

चॅनेल ११६.

निवृत्त_मास्तर, मंगळवार, रात्री ९.३५

आता मला संशय आला. ५ गिगाहर्ट्झ हा एक सलग रस्ता नाही, तुकडे आहेत. ३६ ते ४८ हा पहिला तुकडा. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे मधले. १४९ च्या पुढचा शेवटचा. मधल्या तुकड्यांत रडारही चालतात, आणि मान त्यांचा. तिथे राउटरनं आधी किमान एक मिनिट गप्प बसून कानोसा घ्यायचा, रडार नसेल तरच बोलायचं, आणि मधेच रडार ऐकू आलं तर जागा सोडून दुसरीकडे जायचं. या व्यवस्थेला डीएफएस म्हणतात. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे हे पट्टे २०१८ मध्ये विनापरवाना वापरासाठी मोकळे झाले. त्या मधल्या तुकड्यांत लॅपटॉपच्या कार्डाला आपणहून "कोण आहे रे?" अशी हाक मारायची मुभा नसते, नुसतं ऐकत राहायचं. काही कार्डं तर तिकडे फिरकतच नाहीत. ११६ बरोब्बर त्याच तुकड्यात येतं. चॅनेल ३६ करून बघा.

गल्ली_नं_७, मंगळवार, रात्री ९.४०

उजळाईवाडीच्या विमानतळामुळं असणार मग. विमानं वाढल्यात हल्ली.

निवृत्त_मास्तर, मंगळवार, रात्री ९.४८

रडारनं अडवलं असतं तर राउटरच तिथून उठला असता, आणि मोबाइललाही ते नाव ११६ वर दिसलं नसतं. विमानतळाला यातून मोकळं करा.

रंकाळ्याचा_वारा, बुधवार, दुपारी १२.१५

राउटरच्या आत शिरणं हीच एक लढाई झाली. पत्ता नेहमीचाच, १९२.१६८.१.१, राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर आहे. पण स्टिकरवरचा पासवर्ड चालेना. बसवणाऱ्यानं तो बदललेला. चार फोन केल्यावर मिळाला.

त्यात आजीनं राउटरला हळदीकुंकू लावलेलं. बसवणाऱ्यानं खिळा सापडला म्हणून देव्हाऱ्याच्या शेजारीच टांगलाय, तर आजीला वाटलं देवाचंच काहीतरी आहे. निम्मे अंक कुंकवाखाली. पुसताना आजी बघत होती, तो प्रसंग वेगळा.

चॅनेल ऑटोवरून ३६ केलं. मोबाइलला ३६ वर दिसतंय. लॅपटॉपला नाही. दहा मिनिटं वाट पाहिली, रीस्टार्ट केला. नाहीच.

निवृत्त_मास्तर, बुधवार, दुपारी १२.४०

म्हणजे माझा तर्क चुकला. मागे घेतो. आजींना नमस्कार सांगा.

गल्ली_नं_७, बुधवार, दुपारी १२.४२

फॉरमॅट.

तिखटमीठ, बुधवार, दुपारी १.१०

मास्तर, तर्क चुकला नाही, एक शक्यता खोडली गेली. ३६ तसंच राहू दे.

आता एक काम करा. राउटरच्या पानावर २.४ आणि ५ अशी दोन वेगळी पानं असतील. दोन्हींमधला मोड, चॅनेलची रुंदी आणि सिक्युरिटी वहीत शेजारी शेजारी लिहून काढा. बदल काहीही करू नका. लॅपटॉपला एक पान दिसतं आणि दुसरं दिसत नाही, म्हणजे उत्तर या दोन पानांमधल्या फरकातच आहे.

रंकाळ्याचा_वारा, बुधवार, दुपारी १.४५

२.४: मोड बी/जी/एन मिक्स्ड. रुंदी २०. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२.
५: मोड एएक्स. रुंदी ८०. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र.

तिखटमीठ, बुधवार, दुपारी १.५८

सापडलं असं वाटतंय.

एएक्स म्हणजेच तुमच्या बसवणाऱ्याचं वायफाय सिक्स. ते प्रमाणपत्रासह बाजारात यायला लागलं २०१९ पासून. तुमचा ड्रायव्हर २०१७ चा. राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा एक दवंडी पिटतो: मी अमुक नावाचा, माझ्याकडे हे हे आहे. एएक्सच्या दवंडीत नवे शब्द आलेत. शहाण्या ड्रायव्हरनं न कळलेले शब्द गाळून पुढे जायचं असतं. पण काही जुने ड्रायव्हर त्या नव्या शब्दांना अडखळतात आणि अख्खी दवंडीच कचऱ्यात टाकतात. मग नाव यादीत येत नाही. पासवर्ड, अंतर, भिंत कशाचा संबंध नाही. तुमचं २.४ चं पान बी/जी/एनवर आहे, म्हणजे त्याची दवंडी जुन्याच भाषेत, म्हणून ते दिसतं. मोबाइलचा हॉटस्पॉटही एसीच्या भाषेत बोलला असणार, म्हणून तो दिसला.

५ च्या पानावर मोड एएक्सऐवजी एसी किंवा ए/एन/एसी मिक्स्ड करा. फक्त तेवढंच. बाकी कशाला हात लावायचा नाही, नाहीतर चाललं तर कशानं चाललं ते कधीच कळणार नाही.

रंकाळ्याचा_वारा, बुधवार, रात्री १०.२०

आलं!!! यादीत आलं!

पण जोडलं जात नाही. क्लिक केलं की पासवर्ड घेतो, गोल गोल फिरतो आणि "या नेटवर्कला जोडता येत नाही" म्हणतो. पासवर्ड तीनदा तपासला. तोच पासवर्ड मोबाइलला चालतो.

पांढरा_रस्सा, बुधवार, रात्री १०.२४

मुलगी बघायला आले, पोहे खाल्ले, आणि आता पत्रिका जुळत नाही म्हणतात.

गल्ली_नं_७, बुधवार, रात्री १०.२६

पासवर्डच काढून टाक की मग. कटकट मिटली.

तिखटमीठ, बुधवार, रात्री १०.३१

पासवर्ड काढून टाकू नका! अख्खी गल्ली त्यावर सिनेमे बघेल, आणि उद्या कुणी तुमच्या जोडणीवरून उद्योग केले तर विचारणा तुमच्या दारात येईल.

हा दुसरा, वेगळा अडथळा आहे. पहिला निघाला म्हणून हा दिसायला लागला. डब्ल्यूपीए३ ही वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, जाहीर झाली २०१८ मध्ये, ड्रायव्हर तिच्याही आधीचा. मिश्र मोडमध्ये जुन्या उपकरणानं गपगुमान डब्ल्यूपीए२ धरावं अशी अपेक्षा असते, बहुतेक धरतातही. पण काही जुने ड्रायव्हर तिथेही गोंधळतात. ५ च्या पानावर सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए२ करून बघा, एन्क्रिप्शन एईएस. टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडू नका, वेग ५४ च्या आत अडकेल.

रंकाळ्याचा_वारा, बुधवार, रात्री १०.४९

जोडलं गेलं. ९१ एमबीपीएस. देव्हाऱ्याखाली पाटावर बसून लिहितोय. ताई, लेथवाले, मास्तर, सगळ्यांना दंडवत. आजीनं साखर ठेवलीय, देवापुढं की राउटरपुढं ते विचारलं नाही.

उद्यमनगर_लेथ, बुधवार, रात्री १०.५३

नाद खुळा!

तिखटमीठ, गुरुवार, सकाळी ८.३०

अभिनंदन, पण धागा इथे बंद करू नका. आत्ता आपण नव्या राउटरला लॅपटॉपसाठी म्हातारा केलाय. घरातल्या मोबाइलांनी त्याची शिक्षा का भोगायची? ड्रायव्हर बदला. डिव्हाइस मॅनेजरमधून 'अपडेट' दाबलं तर विंडोज "सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे" म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नका. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर घालून बघा, तिथे जुनाच असेल तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर. "ड्रायव्हर आपोआप शोधून देतो" म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र घरात घेऊ नका. ती एक ब्याद काढतात आणि चार ठेवून जातात.

ड्रायव्हर बसल्यावर आधी मोड पुन्हा एएक्स, तपासा. मग सिक्युरिटी पुन्हा मिश्र, तपासा.

रंकाळ्याचा_वारा, गुरुवार, रात्री ९.३०

केलं. लॅपटॉपच्या साइटवर २०१८ चाच होता, कार्डवाल्यांच्या साइटवर बराच नवा मिळाला. विंडोज खरंच म्हणालं की सर्वोत्तम आधीच आहे. एएक्स लावलं, दिसतंय. मिश्र लावलं, जोडतंय.

एक शंका. आता लॅपटॉपही वायफाय सिक्सचा झाला का?

तिखटमीठ, गुरुवार, रात्री ९.४१

नाही हो. कार्ड एसीचं ते एसीचंच. आता त्याला एएक्सची दवंडी ऐकून घाबरायला होत नाही, एवढंच.

रंकाळ्याचा_वारा, गुरुवार, रात्री ९.५०

अजून एक. माडीवर माझ्या टेबलाशी अ‍ॅप सिग्नलची ताकद उणे ७८ दाखवतंय आणि वेग ३० वर येतो. देव्हाऱ्याखाली उणे ४५.

निवृत्त_मास्तर, गुरुवार, रात्री १०.०५

आता मात्र भिंतच. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ७० च्या खाली कुरकुर सुरू, उणे ८० ला टेकलं की नाव दिसेल पण काम होणार नाही. दोन फुटी दगडी भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झची लहर टिकत नाही. राउटर देव्हाऱ्यापासून हलवून जिन्याच्या तोंडाशी, उंचावर लावा. जिना म्हणजे तुमच्या घरातली एकमेव मोकळी वाट आहे. लोखंडी कपाट आणि आरसा मधे येऊ देऊ नका.

उद्यमनगर_लेथ, गुरुवार, रात्री १०.१२

नाहीतर सरळ लॅनची वायर वर ओढ की. बसून काम करतोस, लॅपटॉप घेऊन माडीवर फुटबॉल खेळतोस व्हय? आमच्या शेडमध्ये पत्रा आणि लोखंड, वायफायला कोण विचारतंय. कॅट ५ई वायर टाकली, विषय संपला.

तिखटमीठ, गुरुवार, रात्री १०.१५

लेथवाल्यांशी शंभर टक्के सहमत. नेटवर्कवाल्यांच्या घरात स्वतःचं टेबल नेहमी वायरवरच असतं. कॅट ५ई १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस नेते, तुमचा जिना त्यापुढे काहीच नाही.

भडंग_पावकिलो, शुक्रवार, दुपारी ३.२०

तुमचं सगळं वाचून मीही ती आज्ञा दिली. माझ्याकडे नुसतं बी, जी, एन आलंय. ए नाही, एसी नाही. ड्रायव्हर बदलून काही होईल का?

तिखटमीठ, शुक्रवार, दुपारी ३.४५

हॉटस्पॉटची चाचणी तुम्हीही करून बघा, पण मला वाटतं कार्डच २.४ पुरतं आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपन्या बिनबोभाट अशी कार्डं घालायच्या, खोक्यावर नुसतं "वायफाय" लिहिलेलं असायचं. तसं असेल तर ड्रायव्हरनं काही होणार नाही, त्या कार्डाला तो कानच नाही.

आतलं कार्ड बदलता येतं, पण आधी बघावं लागतं की ते बोर्डावर डाखलेलं आहे की स्क्रूनं बसवलेलं. अँटेनाच्या तारांची टोकं तांदळाच्या दाण्याएवढी असतात, जोरानं काढली तर तुटतात. शिवाय काही कंपन्यांचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) बाहेरचं कार्ड स्वीकारतच नाहीत. एवढ्या उठाठेवीपेक्षा ड्युअल बँडचा यूएसबी डोंगल बरा.

लिनक्स_आणि_लवंगी, शुक्रवार, संध्याकाळी ६.००

लिनक्सवाल्यांसाठी भर घालतो. तिथे ५ दिसत नसेल तर आधी देशाचा कोड तपासा. 'आयडब्ल्यू रेग गेट' दिल्यावर देश ०० आला तर कार्डाला आपण कुठल्या देशात आहोत हेच माहीत नाही, मग ते ५ च्या बहुतेक चॅनेलांवर नुसतं ऐकत बसतं. 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' द्या. माझ्या भावाचा अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप असाच देशाच्या घोळात होता, २.४ मध्येसुद्धा त्याला चॅनेल १३ दिसायचं नाही, कारण तिकडे ११ पर्यंतच वापरतात.

रंकाळ्याचा_वारा, रविवार, सकाळी १०.१०

ताजी खबर. राउटर जिन्याच्या तोंडाशी हलवला, माडीवर आता उणे ६२, वेग ८० च्या आसपास. वायर पुढच्या पगाराला. देव्हाऱ्याशेजारचा खिळा रिकामा झाल्यावर आजी म्हणाली, "देव हलवताना विचारायची पद्धत असते."

काल मास्तरांचं ऐकून गंमत म्हणून चॅनेल परत ऑटोवर टाकलं होतं. रात्री लाइट गेली, पाच मिनिटांत आली. २.४ लगेच उठलं. ५ मात्र मोबाइललाही दिसेना. मी घाबरून धागा उघडला, लिहायला घेतलं, आणि तेवढ्यात आलं. अ‍ॅपमध्ये बघितलं तर चॅनेल १००.

निवृत्त_मास्तर, रविवार, सकाळी १०.३०

कानोसा घेत होता! म्हणजे म्हाताऱ्याचा तर्क अगदीच वाया गेला नाही. लाइटीचा भरवसा नसेल तर ३६ वरच ठेवा.

भडंग_पावकिलो, रविवार, सकाळी ११.१५

हॉटस्पॉटची चाचणी केली. भाच्याच्या मोबाइलला दिसला, माझ्या लॅपटॉपला नाही. म्हणजे डोंगलच घ्यावा लागणार. साधारण केवढ्याला पडतो, आणि घेताना काय बघायचं?

रंकाळ्याचा_वारा, रविवार, सकाळी ११.१८

ताई, विकत घेऊ नका! माझा तो पाकीटबंद डोंगल तसाच पडलाय. दुकानदार म्हणतो विकलेला माल परत नाही. ड्युअल बँड आहे, खोक्यावर एसी लिहिलंय. पैसे नकोत. मिसळ चारा, कट एक्स्ट्रा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

तिखटमीठ, रविवार, सकाळी ११.२५

भडंगताई, तो लावताना आतलं जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा, नाहीतर लॅपटॉप सवयीनं त्याच्याकडेच जाईल. आणि डोंगल नेहमी एकाच पोर्टात लावा.

गल्ली_नं_७, रविवार, सकाळी ११.२७

डोंगल चालला नाही तर

पांढरा_रस्सा, रविवार, सकाळी ११.२८

नको म्हणू. कळलं.